तुलनेला सहा

आचऱ्याच्या खाडीकाठची निगडी.
पाच बोटांचं पान, खालून पिठूळ,
चुरगळलं की संध्याकाळपर्यंत हाताला वास.
सावलीत वाळवली, दळली,
सात दिवस अल्कोहोलात भिजवली.
उरला तो काळपट चिकट अर्क,
बाटलीवर चिठ्ठी: न-२, पौष.

सूज आणायला लागतं ते मात्र समुद्रातून येतं.
लाल शेवाळाची पांढरी भुकटी,
आइस्क्रीम घट्ट व्हायला घालतात तीच.
थेंबभर, सुईने, मागच्या उजव्या पायात.
उंदीर एकदाच आक्रसतो.
मग तो पाय पाऱ्यात बुडवायचा
घोट्यावरच्या शाईच्या रेघेपर्यंत,
आणि किती चढला पारा ते वाचायचं,
दर तासाला.

तिसऱ्या तासाला
निगडीवाल्यांचे पाय पुन्हा
पायांसारखे दिसायला लागले.
परत मोजलं. तेच.
वहीत आकडे लिहिताना माझं अक्षर सुधारलं होतं.
सरांनी सगळ्यांना चहा मागवला.

शनिवारी भिवा तारींना सांगायला गेले.
पहिल्यांदा तेच म्हणाले होते,
रापण ओढून गुडघो भरलो काय
पालो तव्यार परतूचो, गरम गरम बांधूचो.
आताही बांधलेलाच होता,
वर जुन्या लुंगीची पट्टी.

टक्के सांगितले. ते पट्टी आवळत राहिले.
"म्हणजे उतारली?"
उतरली.
"आनी ज्येंका पालो नाय दिलो?"
सहा होते तसे. त्यांना नुसतं डिंकाचं पाणी.
तुलनेला लागतात.
"त्येंची सूज?"
तशीच राहते. राहावी लागते,
नाहीतर कळणार कसं.
"मगे?"

भरतीचं पाणी दोराच्या वेटोळ्यापर्यंत आलं होतं.
मी समितीचं सांगितलं, परवानगीच्या कागदाचं,
गुडघ्याच्या गोळ्या किती महाग असतात त्याचं.
ते ऐकत होते. निदान मान हलवत होते.
मग लंगडत मागीलदारी गेले,
कोयतीचा आवाज आला,
आणि फडक्यात गुंडाळून आणल्या
सहा डहाळ्या.

एसटीत मांडीवर तो वास.

लॅबमध्ये पोचले तेव्हा
पिंजरे धुऊन झाले होते,
तळाला नवा भुसा.
डहाळ्या मी बेसिनमध्ये उभ्या केल्या, पाण्यात,
आणि दिवा लावलाच नाही.