सातवी पायरी

ओउलूच्या इस्पितळातली ही तळघरातली खोली.
जानेवारी. दुपारी तीनलाच बाहेर अंधारलेलं,
आत पंख्यांची एकसुरी घरघर.
तुओवी कांगासनिएमी बूट काढून
पाय हीटरला लावून बसलेली.
चौथा दिवस. वॉर्ड अकरातल्या काही जणांना
यंत्र ओळख देत नाही.
सगळ्यांना नव्हे, काही जणांना.
तेच वाईट.

लायब्ररीला विचारावं
तर ती ताकास तूर लागू देत नाही.
"प्रवेश नाकारला." तास, मिनिट, सेकंद,
आणि पुन्हा तेच.

हे सगळं बोलणं एकाच फंक्शनचं.
किती गंभीर ते आधी, मग वाक्याचा साचा,
साच्यात टक्क्याच्या खुणेपाशी रिकामी जागा,
पाट मांडून ठेवावा तशी;
ज्याचं नाव येईल ते तिथे बसेल.
स्वतः मात्र ते कुठेच लिहीत नाही.
सांगणं माझं काम, म्हणतं,
टिपून कुठे ठेवायचं ते तुझं तू बघ.

शून्यावर ठेवलं तर ब्र काढत नाही.
एकावर, फक्त छप्पर कोसळल्याचं कळवतं.
मग कुरकुर, मग बारीकसारीक,
सहावर तर आपल्याच पावलांचे आवाज मोजत बसतं.
सहापर्यंत आजमावून झालंय.

सातव्या पायरीशेजारी रायमोची टीप, सत्त्याण्णव सालची:
"इथून पुढे पासवर्डही छापला जातो.
कशाला, असं मीही विचारलं होतं."
रायमो आता इनारीला मासे धरतो.
फोन उचलत नाही.

वरून सही येते: एक तास, एकच वॉर्ड,
नंतर सगळं पुसायचं.
ती दोन खोडून सात लिहिते.

ओळी यायला लागतात.

मेलेल्या कुत्र्याचं नाव, आणि त्याचं वय.
निवृत्तीला टेकलेल्या भूलतज्ज्ञाचं
सीमेपलीकडे राहिलेलं आजोळ.
कुणाचं नुसतंच बर्फबर्फबर्फ.
नव्या डॉक्टरचं, मध्ये कुठे जागा न सोडता,
अजूनएकचवर्ष.
कुणीतरी माजी नवऱ्याला दिलेली शिवी,
शेवटी उद्गारचिन्ह,
कारण नियमच आहे, एक चिन्ह हवंच.

तुओवी खुर्ची जरा मागे सरकवते.
स्क्रीन तेवढीच जवळ.

तीन बेचाळीसला साइमी वुओरेला.
ॲइति, म्हणजे आई. पुढे चार आकडे.
दोनदा, एकाखाली एक,
डोळ्यांना अगदी तोच शब्द;
वरचा चालला, खालचा नाकारला.
बाइट मोजले तर खालचा एकाने लांब.
जुन्या संगणकावर टिंबं अक्षराच्या अंगचीच,
नव्या टॅबलेटवर अक्षर आधी येतं,
टिंबं मागून येऊन डोक्यावर बसतात.
लायब्ररीच्या लेखी या दोन आया.
एक ओळखीची. दुसरीला दारातच थांबवलेलं,
चार दिवस.

दुरुस्ती चार ओळींची:
तपासण्याआधी टिंबं अक्षराला चिकटवून घे.
सात खोडून दोन.
फाइल पुसली, वरून तीनदा शून्यं फिरवली,
पुसल्याची वेळ लिहिली.
वॉर्डला निरोप: सगळ्यांनी पासवर्ड बदला, आजच.
कारणही लिहिलं, आडपडदा न ठेवता, दोन वाक्यांत.
निरोप कुणी शेवटपर्यंत वाचत नाही.

सकाळी कँटीनच्या रांगेत साइमी पुढे,
ट्रेमध्ये लापशीचा वाडगा.
"चालू झालं एकदाचं! काय होतं गं?"
"टिंबं," तुओवी म्हणते. "दोन टिंबांचा घोळ."
"आणि आता बदला म्हणताय.
एकोणीस वर्षं तोच होता."

ते चार आकडे
जन्माचं साल, की दुसरं काही,
हे विचारायला तुओवीजवळ पायरी नाही.
ती लोण्याची एक वडी उचलते,
साइमीच्या ट्रेमध्ये ठेवते.
"विसरलीस," म्हणते.