दोन फ्रेमच्या मधे

मी लग्नं शूट करतो. साकोलीला दुकान आहे.
नवरीचे डोळे कधी भरणार ते मला आधीच कळतं,
अंतरपाट कधी सुटणार, तेही.
चेंडूचं मात्र काही कळत नाही.

परसोडीची पोरं आली : औंदा बक्षीस एक्कावन्न हजार,
कामठीहून पैसे मोजून खेळाडू आणलेत,
गेल्या साली एका गोलावरून खुर्च्या फुटल्या,
तर यंदा व्हिडिओ पाहून निकाल. टीव्हीवर असतो तसा.
माझा एक कॅमेरा, एक लॅपटॉप,
आणि सुमोच्या बॉनेटवर पांढरा टॉवेल अंथरून
निर्णयाची जागा.

धान निघालेल्या चार बांध्या, मधले धुरे फोडून सपाट केलेल्या.
चुन्याची रेघ सरळ निघाली होती,
जुन्या धुऱ्यापाशी थोडी उचलली गेली.

पंच झनकलाल बिसेन. सौंदडच्या फाटकावर ड्युटी.
या माणसाने तीस वर्षांत
"बहुतेक गेली असेल गाडी"
असं कधी म्हटलं नाही.

शेवटची चार मिनिटं. नावेदने डाव्या पायाने मारला,
आडव्या बांबूला आतून लागून चेंडू खाली आपटला,
उईकेच्या पोराने छातीशी ओढला.
अर्धं गाव नाचायला लागलं.
बिसेननी मान हलवली : नाही.
मग बोटांनी हवेत चौकोन काढला,
जरा लाजतच.

मी मागे नेलं. पुढे. पुन्हा मागे.
हळू केलं. हळू केलं की
प्रत्येक पाय मुद्दाम घातल्यासारखा दिसतो,
प्रत्येक हात चोराचा.
बिसेन म्हणाले, "आंदी असली स्पीडनं दाखव.
जसं झालं तसं."

पाच मिनिटं. सहा.
नाचणाऱ्यांचा घाम थंड झाला.
नावेद गुडघ्यांवर हात टेकून उभा,
त्याचा आनंद कुणाकडे तारण पडल्यासारखा.
मागून कोणी ओरडलं, "का पाहून रायले जी एवढे?
आमालेबी सांगा!"

टीव्हीवरही हेच पाहिलंय मी, रात्री दोनला :
करोडोंचे पाय थांबलेले,
एक निळी रेघ, एक लाल, काखेतून, बुटाच्या टोकातून,
आणि कुठल्यातरी बंद खोलीत कुणीतरी काहीतरी बोलतंय
जे मैदानाला ऐकू येत नाही.

दुधराम सकाळपासून वर्गणीदारांची नावं वाचत होता.
बिसेननी त्याच्या हातून माइक घेतला.
भोंगा खरखरला.
"सात डाव पायलं म्या.
चेंडू रेघेवर हाय, थे दिसते.
पुरा पार गेला का, थे दिसत नाही. पोराचा गुडघा आडवा हाय.
जे दिसलं नाही, थे दिसलं म्हनणार नाही मी.
मैदानात नाही म्हटलं होतं. नाहीच राहीन.
अन् पुढच्या साली कॅमेरा रेघेच्या सरळीत लावा,
दोन मिनटाच्या वर पाहू नोका.
दोन मिनटात नाही दिसलं, त दिसतच नाही."

शिव्या पडल्या, दोन-चार.
खुर्च्या जागेवर राहिल्या.
नावेदने वाकून एकदा स्क्रीन पाहिली,
आणि पाण्याच्या ड्रमकडे गेला.

रात्री दुकानात मी एकटाच.
सेकंदाला पंचवीस चौकटी.
एकीत चेंडू रेघेवर, चुना उडालेला.
पुढचीत पोराच्या छातीशी.
जे काय झालं ते या दोघींच्या मधे झालं,
आणि तिथे मी नव्हतो,
बिसेनही नव्हते.
तरी बराच वेळ एक बटण पुढे, एक बटण मागे.

पुसलं नाही काही. फोल्डरला नाव दिलं : परसोडी, नाही.

उद्या लाखनीला लग्न आहे.
दरवेळी मी नवरीच्या समोर उभा राहतो.
उद्या स्टँड बाजूला लावीन,
अंतरपाटाच्या अगदी सरळीत.