हेल

नान्ना, तू विचारलंस तेव्हा मी कडक भाकरी मोडत होते.
"काय म्हणलीस गावाचं नाव?"
हेल.
"आपल्या बोलण्यात असतो तो?"
तोच. आपण 'काय करलालास बे' म्हणतो
आणि पुण्यात बसमधल्या माना वळतात, तो.
तिथं जमिनीनं शेवटचा शब्द
तसाच लांबवत नेलाय समुद्रात,
पस्तीस किलोमीटर.

लांबी कुणीबी सांगतंय, म्हणालास. पन्हा सांग.

कुठं कन्ना चौक ते अशोक चौक.
कुठं आपल्या गल्लीपेक्षा थोडा जास्त:
एक रेल्वेचा रूळ, एक रस्ता, एक सायकलवाट,
वाकलेले चार पाइन, की संपलं.
डावा काठ करडा, लाटांचा, उसवलेला.
उजव्या काठाला खाडी,
परातीत ओतून ठेवल्यासारखी, हिरवट, गप्प.
दोन काठ दोन रंगांचे एका बीमवर कसे निघतील, मी म्हटलं.
निघतात, तू म्हणालास,
ताणा लावताना ध्यान लागतंय.

सायकल भाड्याची. सीट एवढी उंच
की थांबायचं म्हटलं तर कुंपण शोधावं लागे.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये तुझ्या मागावरचा टॉवेल,
किनार तिरकी गेली म्हणून
निर्यातीतून परत आलेला.
(तो शेवटी गेलाच निर्यातीत, नान्ना.
व्यापाऱ्याला सांगू नको.)

आणि वारा समोरून.
आपल्याकडे मे महिन्यात वारा भाजतो, पण जाऊ देतो.
तिथला कपाळाला तळवा लावून उभा.
अकराव्या किलोमीटरला मी उतरले आणि
कुणी बघत नाही बघून
तेलुगूत शिव्या दिल्या. तुझ्याच.

एक म्हातारी दारात जाळं सांधत बसली होती.
भाषा नाही, नाव नाही,
तिनं मान वर केली नाही, मी हलले नाही.
मी तिची बोटं बघत होते:
तुटलेल्या तारेला तू न बघता मारतोस
ती गाठ.
तीच. टोक आत, वळसा, ओढ.
मी खाली बसून एक मारून दाखवली.
तिनं ती ओढून बघितली, जोरात,
मुकादम बघतो तशी,
आणि एप्रनच्या खिशातून
वाटाण्याएवढा पिवळा खडा काढून
माझ्या हातावर ठेवला, मजुरी दिल्यासारखा.

टोकाला काय होतं, म्हणालास.
काही नव्हतं. एक दीपगृह, बंद.
आइस्क्रीमची रांग.
फोन कधीच मेला होता, त्यामुळे फोटो नाही.
पाणी तीन बाजूंनी होतं आणि मी
चौथ्या बाजूकडे बघत बसले,
जिकडून आले होते.
परतीला रेल्वे. डब्यात सायकल
आकड्याला टांगली, तिचं पुढचं चाक
बराच वेळ आपलं आपण फिरत होतं.

खडा तू हुंगलास. दाताखाली धरलास. "राळ आहे ही, दगड न्हाई."
मग सवयीनं टॉवेलवर घासलास, चकाकी बघायला,
आणि खिडकीत ठेवलास.
फळीवर पिंजर होती,
मागाची, रोज झाडूनही रोज असते ती.
ती उठली.
एकेक तंतू उभा राहिला, मागं सरला, उडून चिकटला.
तू पुन्हा घासलास. पुन्हा.
खोकला आला तो तोंडावर हात ठेवून अडवलास,
फुंकर लागेल म्हणून.
"आई ए," हाक मारलीस, "हिकडं ये की, बघ."
आई पीठभरल्या हातानं आली
आणि म्हणाली, फळी पुसून घे आधी.

रविवारी कारखाना बंद.
तू पंपानं दोन्ही चाकं टणटणीत केलीस,
मला म्हणालास, चल.
हिप्परग्याचा तलाव उतरलेला. पाण्यात गेलेली
एक चिखलाची जीभ, वर बाभळी, शेरडांच्या लेंड्या,
पन्हा मोजून तीन खाटांचा.
तू पुढं, पायजम्याला रबर लावून,
एकसष्ट वर्षांचा, घंटी वाजवत, कुणी नसताना.
वळून काहीतरी ओरडलास.
शब्द वाऱ्यात गेले.
हेल तेवढा आला.