जोर

सतरा वर्षं मी सांगलीत वास विकला.
लुनाच्या दोन्ही अंगांना निळे कॅन,
मागं दोरीनं आवळलेली ॲसिडच्या बाटल्यांची क्रेट,
विश्रामबागेतून गावभागापर्यंत एकच आरोळी,
फिनेऽल, ॲसिऽड.
पांढरं फिनेल मी स्वतः ढवळायचो, पत्र्याच्या शेडात.
पाणी पडलं की ते दुधासारखं दिसायचं.
एकदा मांजर फसलं.
त्याबद्दल नंतर कधीतरी.

उंबऱ्याच्या आत मात्र त्रिशलाचं राज्य.
"तुमचा धंदा दारापर्यंत," म्हणायची,
आणि बाहेरच्या नळाशी
रिठ्याचं पाणी ठेवायची, माझ्या हातांसाठी.
तव्याला राख, तांब्याला चिंच,
कपाटात वेखंड,
लिंबाच्या साली गुळाच्या पाण्यात तीन-तीन महिने;
दर दोन दिवसांनी झाकण सैल केलं
की बरणी फुस्स करून श्वास टाकायची.
झुरळांचं काय, मी विचारायचो.
रात्री ओटा कोरडा, खरकटं झाकलेलं,
मोरीच्या जाळीवर पालथी वाटी.
"त्यांना मारायचं नाही,
आणि बोलवायचंही नाही."
मी हसायचो.
फिनेलवाल्याची बायको घरात फिनेल घेत नाही,
हे कुठं बोलू नको म्हणायचो, गिऱ्हाइकं जातील.

मग तो पुराचा ऑगस्ट.
पाणी ओसरलं तेव्हा भिंतीभिंतीवर
छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ,
आणि माझ्या दिवसाला चार फेऱ्या.
लोक भाव करत नव्हते.
त्या आठवड्यात मी जेवढं कमावलं
तेवढं कधीच कमावलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

खणभागातल्या कुंभोजकर वहिनी म्हणाल्या,
मोरीतले डाग हलत नाहीत.
मी म्हणालो. मीच म्हणालो.
"ॲसिडात ब्लीचिंग पावडर टाका,
जोर येईल."

मोरीला एक झरोका, तोही गाळानं लिंपलेला.
दार आतून लावलेलं, शेजारच्यांनी लाथ घालून उघडलं.
त्या वाचल्या.
सिव्हिलमध्ये नाकाला नळी लावलेली असताना
खोकत खोकत मलाच म्हणाल्या,
"माझंच प्रमाण चुकलं असेल, मगदूम."
मी हो म्हणालो नाही.
नाहीही म्हणालो नाही.

त्या रात्री त्रिशलानं जेवायला वाढलं, विचारलं काही नाही.
ताट उचलल्यावर बरणी पुढ्यात आणून ठेवली.
एक वाटी गूळ, तीन वाट्या साली, दहा वाट्या पाणी.
सतरा वर्षं मी अंदाजानं ओतत आलो होतो;
त्या रात्री पहिल्यांदा
वाटी काठोकाठ आहे का ते
डोळा खाली आणून बघितलं.

आता क्रेटमध्ये तपकिरी बाटल्या.
ॲसिड बंद.
फिनेलचा एक कॅन अजून असतो,
खोटं कशाला सांगू, पोरीची फी असते.
बायका झाकण उघडतात, नाक लावतात.
"वासच येत नाही हो."
"फेस कुठाय याला?"
"धुतल्यासारखं वाटत नाही."
मला त्यांचा राग येत नाही.
चारचौघांत ठसका लागेल असा वास
म्हणजे स्वच्छ,
हे त्यांच्या दारादारांत जाऊन
मीच ओरडून सांगितलेलं.

काल खणभागात शिरलो. चार वर्षांनी.
आरोळी द्यायला घसा उघडेना, नुसता हॉर्न वाजवला.
कुंभोजकर वहिनी जिन्यातून उतरल्या,
तीन पायऱ्यांवर थांबत थांबत.
बाटली हातात घेऊन विचारलं,
"याला जोर आहे का?"
"नाही," मी म्हणालो.
"रात्रभर ठेवावं लागतं. सकाळी घासावं लागतं."

त्यांनी झाकण उघडलं,
आधी लांब धरलं, मग जवळ,
आणि खोल श्वास घेतला.
आम्ही दोघंही थांबलो,
खोकला येतोय का ते ऐकत.

वर कुणीतरी आमटीला फोडणी दिली.