दांड्याची घट

फैजपूर, रात्रीचे अकरा.
धाब्यावर गोधडी अजून तापलेली.
मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर पुन्हा तेच:
डिप्लोमाचे सहा सेमिस्टर, भागिले सहा.
एक्याण्णव पूर्णांक बारा.
पुण्याची यादी मागच्या साली त्र्याण्णववर थांबली.

तिसऱ्यातलं मेकॅनिक्स, एकसष्ट.
तेव्हा कावीळ होती मला.
मार्कशीटवर कावीळ लिहीत नाहीत.

पप्पा सावद्याच्या काट्यावर केळी तोलतात.
व्यापारी दांड्याचं वजन आधी कापतो,
मग भाव बोलतो.
दांड्याशिवाय घड लागतो का कुठं,
पप्पा विचारत नाहीत,
आकडा लिहून घेतात.

खालून आईची हाक:
भावी, झोप व माय आता.

मी ते सेमिस्टर वगळून
पाचानं भागून पाहते.
चौऱ्याण्णव.
कोणाला सांगू नका,
क्षणभर मला हॉस्टेलची खोली दिसते,
खिडकीपाशी
माझी बादली.