डावीकडचा वायपर

तुर्भ्याच्या भंगारगल्लीत
मारुतीची एक मोटर मिळाली, साडेचारशेला.
यासीन मिस्त्रीनं वास घेऊन सांगितलं,
जळलेली नाही.

जीप एकोणऐंशीची.
उजवा वायपर मोटरचा, तोही मर्जीचा मालक.
डावा हातानं:
काचेच्या आत पितळी दांडी,
बाजूला बसेल त्यानं फिरवायची.

पट्टी दोन इंच कापली, बुश घासून बसवला,
वेल्डिंगचा डाग अजून ऊन.
बादलीभर पाणी ओतलं काचेवर.
दोन्ही पाती एकदम हलली,
मध्ये त्रिकोण तेवढा मळका राहिला.

दांडी काढू? यासीननं विचारलं.

हेमांगी डावीकडे बसून होती.
बावीस पावसाळे माळशेज तिनंच पुसलेला.
राहू दे, म्हणाली,
मोटरला कुठं कळतंय
तू कधी घाबरतोस ते.