साडेदहा अंश

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सोसायटीत
बातमी फुटली की मी ड्रायव्हर शोधतोय,
तेव्हा वॉचमननं दोन भाचे सुचवले.
दोघांकडेही बॅज, एकाला घाटाची सवय.
मी म्हणालो, अरे, काठी आहे ती.
तर तो माझ्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

शैलानं विचारलं, गोल्फ क्लबवर तर लोक चालायला जातात,
तिथे काठी कशाला फिरवायची?
तिचं चूक नाही. चाळीस वर्षं मीही तेच समजत होतो,
गोल्फ क्लब म्हणजे क्रिकेटचं मैदान
आणि भोवती पोटं कमी करणारी माणसं.

कॉलेज रोडच्या दुकानात निमेष नावाचा मुलगा
सहा ड्रायव्हर भिंतीला टेकवून उभे करतो,
मुलगी बघायला आलेल्यांसमोर करतात तशा अदबीनं.
'सर, हा नऊ अंशाचा. कडक शाफ्ट.
वीस यार्ड जास्त, गॅरंटी.'
पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस
गॅरंटी ऐकत नाही, खिशातला व्हर्नियर चाचपतो.
किमतीची चिठ्ठी उलटी होती.
सरळ केली. परत उलटी केली.

'जाळीत मारून बघा ना.'
मारले. बाराच्या बारा सरळ.
जाळीत सगळेच चेंडू सरळ जातात.
दहा फुटांवर संपणाऱ्या जगात
कोण कशाला वाकडं वळेल?

खरं मैदान गावाबाहेर.
तिथे माझा चेंडू निघतो पांडवलेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून,
बराच वेळ शहाण्यासारखा जातो
आणि मध्येच काही राहिल्याचं आठवल्यागत
उजवीकडे वळतो,
कुंपण ओलांडून पिंगळ्यांच्या द्राक्षबागेत.
पिंगळ्यांनी त्यासाठी एक क्रेट ठेवलाय.
वीस रुपयाला एक.
'यंदा तुमचा माल बरा आहे,' म्हणतात.

सोपान बेंडकुळे, माझा कॅडी, वय एकोणीस,
पायाला बागेतल्या तारेचे ओरखडे.
तो एकदाच बोलला,
'काका, लांब मारा, जवळ मारा,
पण मला दिसेल असं मारा.'

आणि दराडे सुभेदार, देवळालीच्या तोफखान्यातले.
डावा कान तोफांनी नेला,
म्हणून सल्ला अख्ख्या मैदानाला ऐकू जातो:
'आधी लाईन! रेंज मागनं वाढवता येते!
लाईन चुकली, तर जितकं लांब
तितकं चूक!'
पलीकडे कुणाचा तरी पट हुकला.

शेवटी साडेदहा अंशाचा घेतला.
गेल्या सालचं मॉडेल, तळाला एक ओरखडा, शाफ्ट मऊ,
माझ्या मनगटात आता जेवढा वेग उरलाय
तेवढ्याच मापाचा.
नऊ अंशाच्या त्या काळ्या चकचकीत डोक्यावरून
जाताना एकदा हात फिरवला.
निमेषला ते दिसलं. त्यानं दुसरीकडे पाहिलं.

साडेपंचेचाळीस इंच. टेपनं दोनदा मोजलं.
मग सातपूरला इक्बालच्या शेडमध्ये
दीड इंच कापून टाकला.
(वॉरंटी गेली. निमेषला सांगू नका.)
ग्रॅफाइटची काळी पूड तळहाताच्या रेषांत बसली,
बिडाचा भुसा बसायचा तशी.
इक्बाल म्हणाला, लोक लांबी वाढवायला येतात.
मी म्हणालो, लोक तरुण असतील.

रविवारी पहिल्या टीवर
श्वास धरला नाही, नुसता सोडला.
एकशे सत्तर यार्ड असेल. फार तर पंच्याहत्तर.
पण गवताच्या मधोमध,
आणि सोपान धावला नाही.
बॅग खांद्यावर टाकून
रमतगमत चालत गेला, शीळ घालत.
पिंगळे कुंपणाशी, कपाळाला हात लावून,
आकाशात काहीतरी शोधत होते.

दुसऱ्या होलला त्यांचे वीस रुपये झाले, ते सोडा.

संध्याकाळी गेटवर वॉचमन म्हणाला,
मिळाला का ड्रायव्हर?
मिळाला.
घाट येतो का त्याला?
नाही रे. सरळ रस्ता येतो.
तोही कधी कधी.